झोनिंग शिकताना: मे महिन्यातला माझा नकाशा

नवी मुंबईत महाप्यातल्या एका रेझिनच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो आणि पहिल्याच महिन्यात झोनिंगचा नकाशा, म्हणजे पेट घेणारी वाफ कुठे आणि किती वेळा असू शकते ते दाखवणारा नकाशा, नव्याने करायचं काम अंगावर आलं. मे महिना होता. टेप घेऊन शेडभर फिरलो. टोल्युइनचे (हे सहज पेट घेणारं सॉल्व्हंट) पंप पश्चिमेच्या बाजूला, तिकडे भिंत नाही, वारा आरपार. पंपाचा सील गळला तरच वाफ बाहेर येणार आणि तीही लगेच उडून जाणार, म्हणून मी पंपांभोवती झोन 2, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा झोन, आखला.

जूनच्या पहिल्या झडीत त्याच बाजूला निळी ताडपत्री ताणलेली दिसली. पंपावरचे काका म्हणाले, "साहेब, दरवर्षी लावतो. नाहीतर पाणी थेट मोटारीवर येतं." म्हणजे पुढचे चार महिने वारा बंद, आणि माझा नकाशा निरुपयोगी.

नवीन मुलं झोनच्या व्याख्या पाठ करतात: स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ असेल तर झोन 0, नेहमीच्या कामात अधूनमधून होऊ शकत असेल तर झोन 1, सहसा होत नाही आणि झालंच तर थोडाच वेळ टिकतं तो झोन 2. (धुळीसाठी 20, 21, 22.) हे लागतंच. पण झोन ठरतो तो दोन प्रश्नांवर: वाफ कुठून, किती वेळा सुटते, आणि हवा तिला किती लवकर पातळ करते. हवा कोंडली की त्याच गळतीचा झोन कडक होतो.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून पेट घेण्याइतकी वाफ सुटते तो, साधारण 4 अंश. नवी मुंबईत थंडीतही तापमान त्याच्या कितीतरी वर असतं, त्यामुळे उघड्या ड्रमच्या तोंडाशी पेट घेईल अशी वाफ बारा महिने असते. हवेत जेमतेम 1.1 टक्के वाफ मिसळली तरी ठिणगीला पुरते. आणि ही वाफ हवेच्या तिप्पट जड, जमिनीलगत सरपटत जाते. आमच्या पंपांशेजारून केबलची ट्रेंच जात होती. झोन 2 मधला असा खड्डा, हवा खेळती नसेल तर, झोन 1 धरावा लागतो. नकाशात मी तोही सोडला होता! वाफ साचायला जागाच उरू नये म्हणून ट्रेंचमध्ये वाळू भरतात, हे मला तेव्हा उमगलं.

अभ्यासाला झोनिंगची मानकं घ्या: भारतीय आयएस 5572 आणि आंतरराष्ट्रीय आयईसी 60079-10-1. झोनिंग म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. फ्लेमप्रूफ मोटार (आतली आग बाहेर न पसरू देणारी) ते निवडतील, पण वाफ कुठे सुटते हे केमिकलवाल्याला आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला ठाऊक असतं. ड्रम भरताना तासभर शेजारी उभे राहा. सॅम्पल कुठून काढतात, झाकण किती वेळ उघडं राहतं, पंखा बंद पडला की कोणाला कळतं, हे विचारा. सगळ्या शेडला सरसकट झोन 1 लिहून मोकळं होणं मला पटत नाही. खर्च वाढतो, आणि खरा धोका कुठे आहे हे कामगाराला कळेनासं होतं.

आमच्याकडे शेवटी ताडपत्री काढून पाऊस अडवणारे, हवा येऊ देणारे लूव्हर बसले. मोटारींवर छत्र्या आल्या. नव्या नकाशावर पश्चिम बाजूला मी मराठीत लिहिलं: ही बाजू झाकायची असेल तर आधी सेफ्टीला कळवा.