लान्सारोते बेटावरील लाव्हाच्या गुहा आणि एकांतातील समुद्रकिनारे कसे पाहावेत

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरात असलेले लान्सारोते हे स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील बेट होय. 1730 ते 1736 अशी सहा वर्षे चाललेल्या उद्रेकांनी त्याचा मोठा भाग लाव्हाखाली गाडला. पर्यटक बहुधा तिमानफायाचे ज्वालामुखी पाहून परततात. गुहा आणि आडबाजूचे किनारे मात्र भरती-ओहोटीच्या वेळा हाताशी ठेवून फिरणाऱ्यालाच नीट पाहता येतात.

भारतीय पारपत्रधारकांना येथे येण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. बेटावर बससेवा असली तरी निर्जन किनाऱ्यांच्या दृष्टीने ती तोकडी पडते, म्हणून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत आणून भाड्याची गाडी घ्यावी. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. करारावर सही करण्यापूर्वी कच्च्या रस्त्यावरील नुकसान विम्यात धरले आहे की नाही, हे विचारून घ्यावे. बहुतेक वेळा ते धरलेले नसते.

पहिला दिवस उत्तर भागासाठी राखावा. ला कोरोना ज्वालामुखीतून सुमारे 21,000 वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा वरचा थर हवेने थिजला, आतला तप्त रस मात्र वाहत राहिला आणि तो ओसरल्यावर मागे कित्येक किलोमीटर लांबीचे पोकळ भुयार उरले, ज्याचे शेवटचे टोक समुद्राच्या तळाखाली गेले आहे. सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाचाच. पण तेथील लेणी छिन्नीने कोरलेली आहेत, तर येथे कोरण्याचे काम लाव्हानेच केले आहे.

या भुयाराचा कुएव्हा दे लोस व्हेर्देस नावाचा भाग 1964 पासून पर्यटकांसाठी खुला आहे. तिकीट वेळ ठरवून आधीच घ्यावे आणि शक्यतो सकाळची पहिली फेरी निवडावी. वाटाड्यासोबतची सुमारे एक किलोमीटरची ही वाट पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ घेते. आत तापमान 19 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे जाड कपड्यांची गरज नाही. तळ उंचसखल असल्याने पकड असलेले बूट मात्र हवेतच. काही ठिकाणी छत इतके खाली येते की कमरेत पूर्ण वाकून चालावे लागते, तेव्हा गुडघेदुखी असणाऱ्यांनी किंवा बंदिस्त जागेत जीव घाबरणाऱ्यांनी आधी विचार करावा. फेरीच्या शेवटी दाखवले जाणारे एक नवल वाटाडे बाहेर कोणाला सांगू नका असे विनवतात, आणि ते येथेही सांगणार नाही.

हामेओस देल आग्वा तेथून हाकेच्या अंतरावर आहे. याच भुयाराचे छत जिथे कोसळले, तिथे सेसार मानरिके या कलावंताने बाग, तलाव आणि सभागृह उभारले. आतल्या खाऱ्या तळ्यात काळ्या खडकावर पांढरे ठिपके दिसतात. ते सेंटिमीटरभर लांबीचे आंधळे खेकड्यासारखे जीव आहेत. तळ्यात नाणी टाकण्याची हौस या जीवांच्या मुळावर येते, कारण गंजणारा धातू पाणी दूषित करतो.

दुपारी ओर्सोला गावाजवळच्या कालेतोन ब्लांकोला जावे. काळ्या लाव्हाच्या कुशीतील हे पांढऱ्या वाळूचे उथळ कुंड मुलांसाठी उत्तम आहे. ओहोटीला पाणी फारच उतरते, म्हणून पोहायचे असल्यास भरती चढत असताना पोहोचावे.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडील पापागायोच्या किनाऱ्यांकडे निघावे. प्लाया ब्लांका गावापासून कच्च्या रस्त्याने गाडी जाते व प्रवेशासाठी माफक शुल्क पडते. पायी गेल्यास साधारण तासाभराची चाल आहे. कड्यांमुळे पापागायोच्या नालाकृती खाडीला वाऱ्यापासून आडोसा मिळतो, आणि नेमकी म्हणूनच ती अकरानंतर गजबजते. तेव्हा पुढच्या कालेता देल काँग्रियोकडे चालत जावे. तेथे विवस्त्र स्नानाची रीत आहे, एवढे कुटुंबासह जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सावलीचे झाड शोधूनही सापडत नाही, म्हणून माणशी किमान दोन लिटर पाणी आणि टोपी बरोबर असावी.

खरा एकांत हवा असेल तर फामारा कड्याखालचा प्लाया देल रिस्को हा किनारा आहे, पण तेथे ‘ये’ नावाच्या गावाजवळून नागमोडी पाऊलवाटेने उतरावे लागते आणि परतताना तोच खडा चढ उन्हात चढावा लागतो. सराव नसलेल्यांनी हा बेत सोडून द्यावा. त्यापेक्षा ओर्सोलाहून बोटीने अर्ध्या तासात ला ग्रासिओसा बेट गाठता येते. तेथील प्लाया दे लास कोंचास अतिशय देखणा असला तरी त्याच्या प्रवाहांत पोहणे धोक्याचे आहे. पोहण्यासाठी दक्षिणेकडचा प्लाया फ्रान्सेसा बरा, आणि तेथून धक्क्याकडे चालत यायला वेळ लागत असल्यामुळे परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी.