बॉइंकचं कनेक्शन तुटलं तर प्रोजेक्ट काढू नका

"काकू, बॉइंक चालूनच नाही राहिलं, काढून टाकू का?" पावसाळा लागला की आमच्या दारव्हा तालुक्यातल्या पोरांचे असे फोन मला सुरू होतात. बॉइंक म्हणजे कॉम्प्युटरच्या रिकाम्या वेळात शास्त्रज्ञांच्या प्रोजेक्टची गणितं करून नेटवरून परत पाठवणारा प्रोग्राम. माझं उत्तर ठरलेलं आहे. काढू नको, रिसेटही करू नको. प्रोजेक्ट काढला की अर्धवट गणितं आणि पाठवायची राहिलेली उत्तरं दोन्ही जातात. नुसतं नेट गेल्यानं मात्र काहीच जात नाही. बॉइंक हातातलं काम करत राहतं, तयार फाइल जपून ठेवतं आणि आपणहून पुन्हा पाठवून पाहतं. लाइट गेली तरी शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे मधे मधे जपून ठेवलेल्या जागेपासून, पुढे सुरू होतं.

हे एवढं जपायचं कशाला, असंही विचारतात. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर कृषी केंद्राचे हिशेब होतात आणि उरलेल्या वेळात बॉइंकवरचा आइनस्टाइन ॲट होम हा अवकाश संशोधनाचा प्रोजेक्ट चालतो. याच प्रोजेक्टमध्ये 2010 साली एक नवा पल्सर, म्हणजे ठोक्यागत रेडिओ लहरी पाठवणारा फिरता तारा, सापडला. तो सापडला अमेरिकेतल्या आयोवाचं एक दांपत्य आणि जर्मनीतले एक गृहस्थ यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या वेधशाळांची माहितीही हाच प्रोजेक्ट चाळतो, आणि लायगो-इंडिया होणार आहे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, म्हणजे आपल्या वाशिमच्या शेजारी. राजेहो, आपल्या घरातलं काम त्या कामाला लागतं, म्हणून एकेक उत्तर पोचलं पाहिजे.

अडायच्या जागा तीनच: कॉम्प्युटरच्या आत, घर ते इंटरनेट, नाहीतर प्रोजेक्टचा सर्व्हर. कुठे अडलं ते लॉग, म्हणजे बॉइंकची नोंदवही, सांगतो. व्ह्यू मेन्यूतून ॲडव्हान्स्ड व्ह्यू घ्या आणि कंट्रोल, शिफ्ट, ई दाबा. इव्हेंट लॉग उघडेल. शेवटच्या ओळी वाचल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका.

त्याआधी खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बघा. तिथे 'कनेक्टेड टू लोकलहोस्ट' असेल तर आतलं ठीक आहे. 'डिसकनेक्टेड' असेल तर इंटरनेटचा काही संबंध नाही, उगीच मोबाइल घेऊन स्लॅबवर चढू नका. बॉइंकचे दोन भाग असतात. एक आपल्याला दिसणारा मॅनेजर, दुसरा मागे बसून गणितं करणारा क्लायंट. दोघं कॉम्प्युटरच्या आतच 31416 नंबरच्या पोर्टवरून बोलतात. क्लायंट सुरूच झाला नसेल किंवा अँटिव्हायरसनं अडवला असेल तर मॅनेजरला कोणी सापडत नाही. फाइल मेन्यूतून एक्झिट करा, चालू कामं थांबवायची का असं विचारेल तिथे हो म्हणा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पुन्हा उघडा. तरी तेच असेल तर विंडोज फायरवॉल आणि अँटिव्हायरस दोन्हीकडे बॉइंकला परवानगी द्या. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्येही एकदा डोकावा, फाइल तिथे जाऊन पडलेली असू शकते.

आता बाहेरचं. लॉगमध्ये 'सस्पेंडिंग नेटवर्क ॲक्टिव्हिटी' अशी ओळ असेल तर बॉइंक सेटिंगमुळे थांबलंय. ओळीच्या शेवटी कारण लिहिलेलं असतं. 'यूजर रिक्वेस्ट' म्हणजे घरातल्या कोणीतरी ॲक्टिव्हिटी मेन्यूतून बंद केलंय. 'टाइम ऑफ डे' म्हणजे ठरवलेली वेळ अजून व्हायची आहे. रोजचा डेटा पुरला पाहिजे म्हणून एमबीची मर्यादा घातली असेल तर तीही तपासा.

'कुडंट रिझॉल्व्ह होस्ट नेम' दिसलं आणि ब्राउझरही रखडत असेल तर नेटच नाही. आमच्याकडे डीपी जळाली की गाव अंधारात जातं आणि थोड्या वेळानं टॉवरची बॅटरीही उतरते. तेव्हा वाट बघायची, दुसरा उपाय नाही. ब्राउझर नीट चालतोय आणि बॉइंकलाच पत्ता सापडत नाही, असं असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 करून बघा. मोबाइल हॉटस्पॉट वापरणाऱ्यांनी हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सोय फोनमध्ये बंद करावी. रात्री फोन चार्जिंगला लावून झोपलो तरी काही फोन मधेच हॉटस्पॉट बंद करतात.

लॉगच्या ओळीत 'सर्टिफिकेट' (समोरचा सर्व्हर खरा असल्याचा दाखला) हा शब्द आला तर सगळ्यात आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये हा प्रकार फार होतो आणि लोक उगाच नेटवाल्याला बोल लावतात. लाइट जाते, मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असते, आणि कॉम्प्युटर उठतो तो कितीतरी वर्षं मागची तारीख घेऊन. मग सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याच्या हिशेबानं अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो जोडायलाच नकार देतो. तारीख हातानं दुरुस्त केली की लगेच जोडतं, पण पुढच्या लोडशेडिंगला पुन्हा तेच. बॅटरी बदलाच. सीआर 2032 नावाचा गोल सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. पॉवरची वायर काढा, मग चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. बाजूचं झाकण काढा. धूळ पुसली की चकचकीत गोल सेल दिसतो. कडेची बारीक पत्ती नखानं मागे लोटली की तो टपकन वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवा.

तारीख बरोबर असूनही सर्टिफिकेटचीच ओळ येत असेल तर तुमचं बॉइंक जुनं आहे. इंटरनेटवर खूप ठिकाणी चालणारं एक मूळ सर्टिफिकेट 30 सप्टेंबर 2021 ला संपलं, आणि त्याआधीच्या बॉइंकमधली भरवशाच्या सर्टिफिकेटांची यादी तिथेच अडली. नवी आवृत्ती जुनीवरच इन्स्टॉल करा, कामं जशीच्या तशी राहतात.

'इंटरनेट ॲक्सेस ओके, प्रोजेक्ट सर्व्हर्स मे बी टेम्पररिली डाऊन' ही ओळ मला सगळ्यात आवडते, कारण तपासणी बॉइंकनंच करून दिलेली असते. प्रोजेक्ट लागला नाही की ते एका ठरलेल्या मोठ्या साइटला हाक देऊन बघतं. ती लागली म्हणजे आपलं नेट चांगलं आहे, सर्व्हर तिकडे बंद आहे. प्रोजेक्टच्या साइटवर सर्व्हर स्टेटस बघा आणि निवांत राहा. काम मिळत नाही एवढीच तक्रार असेल तर तो कनेक्शनचा बिघाडच नाही. परग्रहावरच्या जीवांचे सिग्नल शोधणाऱ्या सेटी ॲट होम प्रोजेक्टनं 31 मार्च 2020 पासून नवं काम देणं थांबवलंय, पण जुने व्हिडिओ बघून पोरं अजून तेच जोडत बसतात.

नेट परत आलं तरी बॉइंक गप्प का, हेही समजून घ्या. प्रत्येक अपयशानंतर ते आधीपेक्षा जास्त थांबतं, तास-तास. ट्रान्सफर्समध्ये जाऊन 'रिट्राय नाऊ' दाबा. फाइल गेली तरी टास्क 'रेडी टू रिपोर्ट' दाखवत राहील, कारण फाइल पाठवणं वेगळं आणि काम झाल्याची वर्दी देणं वेगळं. वर्दीसाठी प्रोजेक्ट्समध्ये 'अपडेट' दाबा. टास्क्समध्ये मुदत दिसते, तिच्या आत हे झालं पाहिजे. आपल्याकडे नेटचा भरवसा नाही, म्हणून कम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये दोन दिवस पुरेल एवढं काम साठवा आणि फाइलींची ने-आण पहाटेच्या वेळेला लावा. त्या वेळी टॉवर मोकळा असतो.

एवढं करूनही अडलं तर विचारा. विचारताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. बॉइंक बंद करून सुरू करा आणि इव्हेंट लॉगच्या पहिल्या तीसेक ओळी जशाच्या तशा पाठवा. त्यात आवृत्ती, विंडोज, प्रोजेक्ट सगळं येतं. पासवर्ड आणि अकाउंट की मात्र कोणाला देऊ नका, मलासुद्धा नाही.