कर्ज अंगावर आलंय आणि घर बायकोच्या नावावर करताय? या चुका टाळा

कर्ज डोक्यावरून गेलं आणि दिवाळखोरीची वेळ आली की बहुतेकांना एकच सुचतं, घर बायकोच्या नावावर करू, गाडी मेव्हण्याला देऊ, मग कोण काय नेतंय बघू. इथेच गाडी फसते. कोर्ट नुसता कागद बघत नाही, तो कधी केला, किती पैशात केला आणि वस्तू अजून वापरतंय कोण हे बघतं. डाव काही नवा नाही, इंग्लंडमध्ये १५७१ साली यावर कायदा आला आणि १६०१ च्या ट्वाईन केसमध्ये पियर्स नावाच्या कर्जबाजारी माणसाने सगळा माल गुपचूप ट्वाईनला लिहून दिला, पण मेंढ्या स्वतःच कातरत आणि विकत राहिला, वर शिक्काही स्वतःचाच मारला 😄 अर्थात तो कागद रद्द झाला. आज शिक्क्याचं काम बँक स्टेटमेंट करतं.

दिवाळखोरीचा अर्ज केला की मागचे व्यवहार किती मागे जाऊन तपासतात ते देशावर आहे, अमेरिकेत फेडरल कायद्याने २ वर्षं, इंग्लंडमध्ये फुकट किंवा स्वस्तात दिलेल्या मालमत्तेसाठी ५ वर्षं.

दुसरी चूक चांगल्या मनाने होते. बँकेला नंतर बघू, आधी भावाचे पैसे देऊन टाकू. अमेरिकेत अर्जाआधी ९० दिवसांत एकाच धनकोला (ज्याचं देणं आहे त्याला) दिलेले पैसे परत मागता येतात, नातेवाईक असेल तर १ वर्षापर्यंत, म्हणजे ट्रस्टी (दिवाळखोरीचं प्रकरण बघायला नेमलेला माणूस) तुमच्या भावाच्याच दारात उभा.

पेन्शन मोडून कार्डाची बिलं भरणं तर मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण नोकरीतलं पेन्शन बऱ्याच ठिकाणी जप्तीत धरतच नाहीत आणि लोक नेमकं तेच आधी संपवतात.

दिवाळखोरीत सगळं कर्ज पुसलं जातं हाही गैरसमज. पोटगी सहसा राहते, तारण ठेवलेल्या वस्तूवरचा हक्क राहतो, आणि तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही, त्याला आधी सांगा.

आधीच नावावर करून बसला असाल तर वकिलाला पहिल्याच भेटीत तारखेसकट सांगा. अर्जात दाखवलेला व्यवहार बऱ्याचदा उलटवून मिटतो, पण लपवलेला ट्रस्टीने शोधून काढला तर कर्ज पुसलं जाणंच अडकतं आणि फौजदारी केसही होऊ शकते.