एकाच पिशवीचे दोन आकडे: सीडी३४ मोजणी लॅबा-लॅबांत जुळवताना

प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या रक्तातून मशीनने काढलेल्या मूळ पेशींची एक पिशवी. तिच्यातल्या सीडी३४ (मूळ पेशींवरची खूण) असलेल्या पेशी जळगावची लॅब म्हणते मायक्रोलिटरला ६००, त्याच पिशवीच्या नमुन्यावर मुंबईची म्हणते ५१०. पिशवी २०० मिलीची, रुग्ण ६० किलोचा. म्हणजे एका हिशेबाने किलोला २० लाख पेशी, दुसऱ्याने १७ लाख. किमान २० लाख लागतात असं धरलं, तर एक आकडा भागलं म्हणतो आणि दुसऱ्यामुळे रुग्णाला परत मशीनवर घ्यावं लागतं.

अशा वेळी नवा नमुना धाडायच्या आधी फ्लो सायटोमीटरच्या (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणारं यंत्र) कच्च्या फाइलींची अदलाबदल करा. एकमेकांचं गेटिंग (कुठल्या पेशी मोजायच्या ते ठरवणाऱ्या चौकटी, म्हणजे गेट, आखणं) न बघता दोघांनी दोन्ही फाइली सोडवायच्या. एकाच फाइलीतून दोन आकडे आले तर दोष गेटमध्ये. आकडा जुळला तर दोष पिपेट, बीड्स (ठाऊक संख्येचे बारीक मणी, ज्यांच्या तुलनेत पेशी मोजतात) किंवा नमुन्यात. लॅबवाल्यांचे बरेच वाद इथेच मिटतात.

गेटसाठी १९९६ ची इशेज पद्धत धरा: आधी सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) असलेल्या सगळ्या पेशी, त्यातल्या सीडी३४, त्यातल्या फिक्या सीडी४५ आणि कमी साइड स्कॅटरच्या (बाजूला कमी प्रकाश विखुरणाऱ्या), शेवटी आकाराचा गेट. त्याची खालची हद्द लिम्फोसाइट या लहान पांढऱ्या पेशींवरून ठरवा, अंदाजाने नको. रिपोर्टवर ‘जिवंत’ की ‘एकूण’ सीडी३४ हे लिहिलंय का तेही बघा. हा फरक कोणी विचारतच नाही.

आता हाताचं काम. पिशवी हळुवार हलवा, नळीतला जुना माल पिशवीत परत ढकलून, मिसळून मगच नमुना घ्या. पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला १० ते २० हजारांपर्यंत येतील इतपत पातळ करा. इथे १:२० धरू. नमुना १०० मायक्रोलिटर, बीड्सही १००, दोन्ही एकाच पिपेटने आणि उलट पिपेटिंगने (थोडं जास्त ओढून ठरलेलं तेवढंच सोडणं). म्हणजे पिपेट थोडं चुकत असलं तरी चूक दोन्हीकडे सारखी पडते. टोकाला बाहेरून लागलेलं रक्त पुसा. अमोनियम क्लोराइडने १० मिनिटं लायसिस (लाल पेशी फोडणं), धुणं नाही (धुतलं की पेशी जातात), फिक्सेटिव्ह (पेशी स्थिर करणारं रसायन) नाही. नळी बर्फावर ठेवून तासाभरात चालवा.

बीड्स १०,००० मोजले, सीडी३४ मिळाल्या ३००, बाटलीवर मायक्रोलिटरला १,००० बीड्स: ३०० ÷ १०,००० × १,००० × २० = ६००. मात्र ३०० वर नुसत्या मोजणीचाच चढउतार ६ टक्क्यांच्या आसपास असतो, १०० वर १० टक्के. १०० च्या खाली थांबूच नका.

खानदेशात बीड्सची बाटली उघडी राहिली की कोरड्या हवेत पाणी उडतं, बीड्स दाट होतात आणि सीडी३४ खोटंच कमी दिसतं. बाटली वापरण्याआधी नीट हलवा, लगेच झाकण लावा. मे महिन्यात भुसावळहून नमुना रेल्वेने पाठवायचा तर २ ते ८ अंशांचा डबा, जेल पॅक आणि नळी यांच्यामध्ये कापड, आत तापमान नोंदणारं यंत्र. नळी गोठलेल्या जेल पॅकला टेकली तर पेशी फुटतात. उन्हात फलाटावर डबा राहिला तर मरतात. दोन्हीकडे जिवंत पेशींचा टक्का घसरतो, आणि उतरवून घेणारी लॅब मात्र पाठवणाऱ्याच्या गेटला नावं ठेवते. म्हणून काढल्याची आणि चालवल्याची वेळ दोन्ही रिपोर्टवर हवी.

बाहेरच्या गुणवत्ता योजनेची स्थिर केलेली नळी आली तर सेव्हन-एएडीचा (मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) गेट काढून टाका. त्यातल्या पेशी आधीच मेलेल्या असतात. गेट राहिला तर उत्तर शून्याजवळ येतं.