जुनं लाकडी टेबल दोघांनी रंगवताय? मग घासकामाला वेळ द्या

नवीन घर लावताना जुनं टेबल रंगवायचं ठरतं आणि दोघंही थेट ब्रश हातात घेतात, पण रंग टिकतो तो घासण्यावर. जुनं पॉलिश चकचकीत असेल तर त्यावर रंग धरतच नाही, नखाने सुद्धा निघतो. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, लाकडाच्या रेषा ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने घासा, आडवं घासलं की ओरखडे पडतात आणि ते रंगाखालूनही दिसतात, मग २२० नंबरने हलकासा हात फिरवा. चमक गेली की झालं, अगदी लाकूड उघडं पडायची गरज नाही. फक्त फार जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, आणि घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल तर त्या रंगाला हातच लावू नका प्लीज.

एकाने घासावं, दुसऱ्याने मागोमाग ओलसर फडक्याने धूळ पुसावी. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा, राहिलेले चकचकीत डाग लगेच दिसतात.

मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की कडेला ओघळ येतात. आणि हो, हाताला कोरडा लागला तरी रंग आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर गरम भांडी, जड कुंड्या वर ठेवू नका.