ऑनलाइन अर्जाच्या आधीची फाइल: गोव्यात बांधकाम परवाना काढताना

डिचोलीत मी स्वतंत्रपणे कामे घ्यायला लागलो, तेव्हा परवाना ही आर्किटेक्टची बाब आहे असे धरून चाललो होतो. आपण चिरे, सिमेंट, सळया आणि माणसे सांभाळायची, एवढेच. पहिल्याच घराच्या मालकांनी प्लॉटचे कागद हातात दिले आणि म्हणाले, "पुढच्या चवथीला गणपती नव्या घरात बसला पाहिजे." अर्ज तीनदा परत आला. दोनदा अडले ते कागदांपाशी आणि तिसऱ्यांदा नकाशात राहून गेलेल्या एका विहिरीपाशी. ऑनलाइन अर्ज भरायला अर्धा दिवस पुरतो, पण त्यामागची फाइल जुळवायला महिना जातो. नव्याने या धंद्यात येणाऱ्याने तो महिना आधीच हिशेबात धरावा.

सुरुवात एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे जमिनीवर कोणाचा काय हक्क आहे हे दाखवणाऱ्या महसुली नोंदीपासून करा. तो आता घरबसल्या ऑनलाइन काढता येतो, तेव्हा मालकाने दिलेली जुनी झेरॉक्स घेऊन बसू नका. ताजा उतारा काढा आणि कब्जेदारांची नावे बोट ठेवून वाचा. आमच्या मालकांनी प्लॉट विकत घेतला होता, विक्रीखत नोंदवलेले होते, पण म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर नवे नाव चढवण्याची नोंद, केलीच नव्हती. उताऱ्यावर आधीच्या मालकाचे नाव तसेच. दुसरी गोष्ट बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची धरली जाते. खत एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून अर्जावर त्याची एकट्याची सही घेतली, आणि पहिल्यांदा अर्ज परत आला तो त्यावरूनच. आता मी पहिल्या भेटीतच दोघांना समोर बसवतो. वडिलोपार्जित जागा असेल तर भाऊ, बहिणी आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांची संमती लागते. कोणी आखातात, कोणी बोटीवर असेल तर मुखत्यारपत्राची तयारी त्याच दिवशी सुरू करा.

उताऱ्यावर कूळ आणि इतर हक्कांचे रकानेही असतात, त्यांवरून नुसती नजर फिरवू नका. जागेत जुने घर असेल तर तिथे मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा माणूस, राहतो का, हे मालकाला स्पष्ट विचारा. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण आहे. त्याला बाजूला ठेवून काढलेला नकाशा पुढे कोर्टात अडकू शकतो, आणि मला विचाराल तर त्याच्या राहत्या घरावर रेघ मारणे मुळातच चूक आहे.

मग झोन आणि सनद. या दोन गोष्टींत नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो. जागा सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेल्या भागात, आहे की नाही, हे प्रादेशिक आराखडा किंवा शहराचा विकास आराखडा सांगतो आणि झोनिंग सर्टिफिकेटवर ते कळते. शेतजमीन बिगरशेती झाली की नाही, हे सनद सांगते. ती महसूल खात्याकडून, १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली मिळते. झोन सेटलमेंटचा असला म्हणून सनद आपोआप मिळत नाही. नदीकाठची जागा असेल तर सीआरझेडही, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंधही, तपासा. तो कायदा फक्त समुद्राला लागतो असे आपल्याकडे अनेकांना वाटते, पण भरती-ओहोटीचे पाणी जिथवर चढते तिथवरचे नदीकाठ त्यात येतात.

आमचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला तो क्षेत्रफळावरून. विक्रीखतात ४२५ चौरस मीटर, सर्व्हे प्लॅनवर मोजले तर ४११. मालक तर फुटांतच बोलायचे. मीटरचे फूट करून, पुन्हा फुटांचे मीटर करून मी एक तक्ता बनवला होता आणि त्यातच चूक शिरली होती. तेव्हापासून खत, उतारा, सनद आणि नकाशा या चौघांवरचे क्षेत्रफळ एका कागदावर शेजारी शेजारी लिहितो, फक्त चौरस मीटरमध्ये. एफएआर (सगळे मजले मिळून किती बांधता येईल) आणि कव्हरेज (प्लॉटचा किती भाग घराखाली येईल) दोन्ही त्या आकड्यावर ठरतात. चौदा चौरस मीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण त्यात एक खोली जाते.

नकाशावर सही आर्किटेक्टची किंवा टीसीपीकडे, म्हणजे नगर नियोजन खात्याकडे, नोंदणी असलेल्या इंजिनिअरची. कंत्राटदाराला तो अधिकार नाही. पण जागेवर सर्वांत जास्त वेळ आपण असतो, म्हणून नकाशा ऑफिसात बसून तपासू नका, प्लॉटवर नेऊन उघडा. सेटबॅक, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंत मोकळे सोडायचे अंतर, आजच्या डांबरी कडेपासून मोजायचा नसतो, आराखड्यात रस्ता जेवढा रुंद दाखवला आहे तिथून मोजायचा असतो. सेप्टिक टँक आणि सोकपिट (शोषखड्डा) दाखवताना विहिरीपासूनचे अंतर लिहा, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनचेसुद्धा. आमच्या कुंपणापलीकडे माडाच्या आळ्याजवळ एक विहीर होती. पावसात तिचे पाणी हाताला लागते. नकाशात ती नव्हती, म्हणून अर्ज तिसऱ्यांदा परत आला. मला त्याचा राग आला नाही, कारण शेजारचे कुटुंब तेच पाणी पिते.

आता प्रत्यक्ष अर्ज. लॉगिन मालकाच्या मोबाइल नंबरवर आणि मालकाच्याच ईमेलवर उघडा. सोयीचे म्हणून मी माझा नंबर दिला होता. पुढे प्रत्येक ओटीपी माझ्याकडे यायचा आणि आपल्या फाइलचे काय चालले आहे हे मालकांना कळायचेच नाही. घर त्यांचे, पैसे त्यांचे, मग फाइलही त्यांना दिसली पाहिजे. स्कॅन करताना मोबाइलने तिरके फोटो काढू नका. सर्व्हे प्लॅनवरची बारीक रेघ पुसट आली की तपासणाऱ्याला काहीच वाचता येत नाही. प्रत्येक पीडीएफला आत काय आहे ते नाव द्या. शुल्काची पावती लगेच उतरवून घ्या.

खर्चाच्या अंदाजात कामगार कल्याण उपकर धरा, बांधकाम खर्चाच्या १ टक्का. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घराला नोव्हेंबर २०२५ पर्यंत १० लाखांच्या खर्चापर्यंतच सूट होती, आता ती मर्यादा ५० लाख आहे, तेव्हा घर त्यात बसते का ते आधी पाहा. उपकराचा पैसा आपल्याच साइटवरच्या मजुरांच्या नावाचा आहे, म्हणून त्यांची कल्याण मंडळाकडे नोंदणीही करून द्या.

टीसीपीची तांत्रिक मंजुरी हाती आली म्हणजे परवाना मिळाला, असे नाही. परवाना नगरपालिका देते, गावात पंचायत. तो मिळण्याआधी पाया खणू नका, मालकाने मुहूर्त काढून आणला तरी. मुहूर्ताला नारळ फोडा, दगड पूजा, कुदळ थांबवा. परवाना आल्यावर मंजूर नकाशाची एक प्रत साइटवर प्लास्टिकमध्ये ठेवा आणि चुन्याची आखणी त्याच प्रतीवरून करा. मिस्त्रीच्या सांगण्यावरून जिना सरकवला, सज्जा वाढवला, की कंप्लिशन सर्टिफिकेटच्या वेळी नकाशा आणि घर जुळत नाही. मग ऑक्युपन्सीही, म्हणजे राहायला जाण्याचा दाखलाही, अडते आणि घर नंबरही.

आमच्या त्या घराला परवाना मे महिन्याच्या शेवटी मिळाला. पाऊस तोंडावर होता, म्हणून मालकांशी बोलून खणणे नवरात्रानंतरवर टाकले. गणपती त्या वर्षी जुन्याच घरात बसला, आणि मालकीणबाईंनी मला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट, बांधायला बोलावले.