पुण्यात तलवार शिकायची असेल तर आधी फरशी बघा

पुण्यात कुणालाही सांगा की मला तलवार शिकायचीय, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या पथकात आहेस?" नाहीतर "मुलाला घालायचंय का?" दुसरा प्रश्न मला फोनवर प्रत्येक क्लबने विचारला. "नाही सर, मलाच शिकायचंय" म्हटल्यावर पलीकडे जी शांतता पसरायची, तिची हळूहळू सवय झाली. तलवारीची ओढ कुठून लागली ते सांगत बसत नाही. शाळेच्या सहली सिंहगडावर आणि शिवजयंती रस्त्यावर, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला ते विचारूही नये.

शहरात तलवार दोन वेगवेगळ्या ठिकाणी शिकवली जाते आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. एकीकडे मर्दानी खेळांचे आखाडे, दुसरीकडे फेन्सिंगचे, म्हणजे ऑलिंपिकमधल्या तलवारबाजीचे क्लब. पाटीवर 'तलवारबाजी प्रशिक्षण' लिहिलेलं असेल तर आत बहुधा फेन्सिंगच निघतं, कारण शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत ते याच नावाने आहे. आखाडे शोधायचे तर 'मर्दानी खेळ', 'शिवकालीन युद्धकला' अशा नावांनी चौकशी करावी लागते. चौकशी करण्याआधी मात्र स्वतःला एकच गोष्ट विचारा: मला शस्त्र चालवायला शिकायचंय, की समोरच्या माणसाशी खेळायचंय? जागा, वेळ, खर्च हे सगळं या उत्तरावर ठरतं.

मी आधी आखाड्यात गेले. तिथे पहिल्या दिवशी तलवार मिळेल असं कुणी समजू नये. हातात येते ती लाठी आणि तीही नंतर; आधी पवित्रा. पाय कसे टाकायचे, वजन कुठल्या पायावर, वळताना नजर कुठे. मग लाठी फिरवणं, शीर, तमाचा, बाहेरा असे वार, त्यानंतर केव्हातरी तलवार आणि ढाल. दांडपट्ट्याला हात लागायला आणखी वेळ जातो, आणि का ते पट्टा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. आत हात घालून आडवी दांडी पकडली की मनगट बंदिस्त होतं. स्वयंपाकघरातल्या सुरीपासून बॅडमिंटनच्या रॅकेटपर्यंत आपण सगळं मनगटावर चालवतो. इथे ते चालतच नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो आणि पातं लवचिक असल्यामुळे अंगाचा ताल चुकला की ते आपल्याच दिशेने येतं. माझ्या वस्तादांनी म्हणूनच बरेच दिवस नुसता पायांचा घेर करून घेतला. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा दर्जा मिळाल्यापासून तो बघायला येणारे वाढलेत, पायांचा घेर करायला थांबणारे तेवढेच.

पुण्याला या विद्येची जुनी ओळख आहे. लहुजी वस्ताद साळव्यांच्या गंज पेठेतल्या तालमीत जोतीराव फुले लाठी आणि दांडपट्टा शिकले. आज बरेच आखाडे शाळेच्या पटांगणावर, देवळाच्या आवारात किंवा मंडळाच्या जागेत भरतात. फी तुलनेने कमी असते आणि लोक घरच्यासारखे वागवतात. मुलींचं प्रमाणही चांगलं दिसतं. दोन गोष्टी मात्र ताडून बघा. पावसाळ्यात सराव कुठे होतो? उघड्यावरचा आखाडा जून ते सप्टेंबर विस्कळीत होतो. आणि शिवजयंती, गणेशोत्सवाच्या आधी सगळा वेळ मिरवणुकीतल्या प्रात्यक्षिकांच्या तालमीत जातो का? डोक्यावरचं लिंबू कापणं दिसायला थरारक असतं, पण नवख्या माणसाने त्या दिवसांत प्रवेश घेतला तर कडेला उभं राहून शस्त्रं धरण्याचंच काम मिळतं. फरी-गदगा अजून नियमित खेळवतात का, हेही विचारा. चामड्याची गवसणी घातलेली काठी आणि लहान ढाल घेऊन समोरासमोर खेळायचा हा प्रकार जिथे टिकून आहे, तिथे नुसत्या प्रात्यक्षिकाच्या पुढचं काहीतरी शिकायला मिळतं.

मला समोर माणूस हवा होता, म्हणून शेवटी फेन्सिंगकडे वळले.

फेन्सिंगमध्ये तीन शस्त्रं: फॉइल, एपे आणि सेबर. फॉइलमध्ये फक्त धडावर टोक लागलं तर गुण. एपेमध्ये डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत कुठेही. सेबरमध्ये कमरेच्या वर, आणि टोकाबरोबर पात्याची कडही चालते. फॉइल आणि सेबर ५०० ग्रॅमच्या आत, एपे ७७० ग्रॅमपर्यंत. फॉइल-सेबरमध्ये वार लागल्याचे दिवे दोघांचेही एकदम लागले तर हल्ल्याचा हक्क कुणाचा हे पंच ठरवतो आणि गुण त्यालाच मिळतो. एपेत ती भानगड नाही. १/२५ सेकंदाच्या आत दोघांचंही लागलं तर दोघांनाही गुण.

भवानी देवीने टोकियोत पहिला सामना १५-३ असा जिंकला तेव्हापासून आपल्याकडे 'फेन्सिंग म्हणजे सेबर' असं बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलंय. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय फेन्सर, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण तिशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या नवख्या माणसाने एपेपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. सेबरचा गुण डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातो आणि तो आपल्याविरुद्ध का गेला हे कळायलाच महिने लागतात. एपेत निदान हरलो का ते लगेच समजतं. अर्थात निवड पूर्ण आपल्या हातात नसते. कोच ज्या शस्त्रात खेळलेला असतो त्याच शस्त्राचा क्लब बनतो, म्हणून फोनवरच विचारून घ्या.

क्लब शोधायचा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जिल्हा स्पर्धा किंवा निवड चाचणी बघायला जाणं. तारखा जिल्हा संघटनेकडून किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून कळतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे बहुतेक क्लब एका हॉलमध्ये सापडतात आणि आत जायला सहसा कुणी अडवत नाही. इन्स्टाग्रामवर क्लबची पदकं दिसतात, हरलेल्या पोराशी कोच कसा बोलतो ते दिसत नाही. ते इथे दिसतं. पूलचा, म्हणजे सुरुवातीच्या गटातला सामना पाच गुणांचा, तीन मिनिटांचा. तेवढ्यात कोच चार वाक्यं बोलतो. ती वाक्यं ऐका. "लांब अंतरावरून का सुटलास?" असं विचारणारा कोच आणि "तुझ्यामुळे नाव गेलं" म्हणणारा कोच यांच्यात निवड करायला फेन्सिंग यावं लागत नाही. पालकांच्या बाकावर बसलात तर फी, सुट्ट्या, कोच वरचेवर बदलतो का, सगळं चहा येईपर्यंत कळतं.

मग एखाद्या संध्याकाळी त्या क्लबमध्ये जाऊन अख्खा क्लास बसून बघा. पहिली नजर फरशीवर. फेन्सिंगमध्ये लंज मारताना, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून वार करताना, पुढची टाच दणकन जमिनीवर पडते, तासाभरात कितीतरी वेळा. शाळेच्या हॉलमधली शहाबादी फरशी किंवा नुसता कोबा असेल तर गुडघे आणि टाचा वर्षभरात बोलायला लागतात. लाकडी जमीन किंवा जाड मॅट असलेली जागा थोडी लांब पडली तरी घ्या. 'थोडी' म्हणजे किती ते ज्याचं त्याने ठरवावं. कोथरूडहून संध्याकाळी सहाला बालेवाडीला निघणाऱ्याला माझा नमस्कार.

दुसरी नजर मास्कवर. जाळी गंजलेली असेल, पोचा आला असेल, मागची पट्टी सैल असेल, तर तो मास्क कुणाच्याही डोक्यावर असता कामा नये. खेळ बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण तो याच सामानाच्या भरवशावर. जॅकेटच्या आत तलवारीच्या हाताच्या बाजूला प्लॅस्ट्रॉन (संरक्षणाचं अर्धं जॅकेट) घातलाय का, बायकांना छातीचं संरक्षक कवच सक्तीचं आहे का, हेही बघा. पहिल्याच दिवशी हातात शस्त्र देऊन "खेळा" म्हणणारा क्लब मला रुचत नाही.

सुरुवात ऑन गार्डने, म्हणजे तयारीच्या पवित्र्याने होते. पुढच्या पायाचं बोट समोर, मागचा पाय काटकोनात आडवा, दोन्ही गुडघे वाकलेले, पाठ ताठ. दिसायला काहीच नाही. त्याच अवस्थेत पुढे-मागे, पुढे-मागे करत चौदा मीटरची पट्टी पार करायची, आणि डोकं एका पातळीत ठेवायचं. घरी जिना उतरताना मांड्या थरथरायच्या. शेजारच्या काकूंनी "ट्रेकला गेली होतीस का ग?" विचारलं, मी हो म्हटलं, समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी डावखुरी आहे आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी सूचना आहे. पिस्टल ग्रिप (बोटांच्या खाचा असलेली मूठ), जॅकेट, हातमोजा हे सगळं उजवं-डावं वेगळं असतं. क्लबच्या सामायिक पेटाऱ्यात डावं सामान आहे का ते आधी विचारा. माझ्या क्लबमध्ये डावा हातमोजा एकच होता आणि तो बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. खेळताना मात्र डावखुऱ्यांची चैन असते. समोरच्याला आपली सवय नसते.

मोठ्यांची खरी अडचण जोडीदाराची. संध्याकाळच्या बॅचमध्ये सगळी शाळकरी पोरं असतात. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे पालकांचा ओघ तिकडे. कमरेएवढ्या पोराकडून धपाधप हरण्यात कमीपणा नाही, पण उंची आणि हाताची लांबी यांचा अंदाज यायला मोठं माणूसही लागतं. क्लबमध्ये निदान दोन-तीन प्रौढ नियमित येतात का, हे फीच्या आधी विचारा. कॉलेजात असाल तर जिमखान्यात चौकशी करा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या निमित्ताने सरावाला जोडीदार मिळून जातो. घोरपडीच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये फेन्सिंग उत्तम आहे, पण ते लष्कराच्या खेळाडूंसाठी आणि त्यांनी निवडलेल्या मुलांसाठी. तिथे हेलपाटा घालू नका.

सामान लगेच घेऊ नका. पहिली खरेदी हातमोजा, मग स्वतःचा मास्क, कारण दुसऱ्याच्या घामाच्या वासाची सवय लावून घेण्यात काही अर्थ नाही. पावसाळ्यात ओलं जॅकेट आणि शस्त्र एकाच बॅगेत रात्रभर ठेवलं तर सकाळी पात्यावर तांबेरा.

आणि धारेची तलवार ऑनलाइन मागवायचा मोह टाळा. पुण्यात बेकायदा तलवार बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे सर्रास दाखल होतात. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांना एका कुरिअरच्या ठिकाणी नव्वदहून जास्त तलवारी सापडल्या होत्या, तेव्हापासून पार्सलांवर नजर असते. आखाड्याची शस्त्रं आखाड्यातच राहू द्या. फेन्सिंगच्या शस्त्राला धार नसते, तरी ते बंद बॅगेतूनच न्या आणि क्लबचं ओळखपत्र जवळ ठेवा. नाकाबंदीत स्कूटरवरची लांब बॅग उघडायला लावतात, आणि हवालदाराला एपे म्हणजे काय हे भर चौकात सांगण्यापेक्षा कार्ड दाखवणं बरं.

फेन्सिंग क्लबात प्रवेशासाठी जून किंवा दिवाळीनंतरचे दिवस बघा. ऑगस्टपासून शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होतो, कोच पोरांना घेऊन गावोगाव फिरत असतात, आणि नवख्याला पवित्रा दाखवायला सीनियर पोरगंही जागेवर सापडत नाही.